खांबावरच्या दिव्याची नाडी कोण बघणार?

आज सकाळी हा अंक आपल्या दारात पडला, तो बहुतेकांच्या घरी सायकलवरूनच आला असेल. पेपर टाकणारा मुलगा पहाटे साडेचार-पाचला एस.टी. स्टँडवर गठ्ठे मोजून घेतो आणि अंधारातच निघतो. त्याच सुमारास हँडलला दुधाच्या किटल्या अडकवलेला गवळी वाडीवरून शहराकडे येत असतो. औद्योगिक वसाहतीतली रात्रपाळी संपवून कामगार घराकडे वळलेले असतात. थोडे उजाडू लागले की जादा तासासाठी निघालेल्या शाळेच्या मुली दोघी-दोघी, तिघी-तिघी दिसू लागतात. या सगळ्यांच्या वाटेत कुठे ना कुठे मोठा रस्ता आडवा येतो. पूर्वी हा रस्ता अरुंद आणि खड्ड्यांचा होता, त्यामुळे वाहने आपसूकच हळू जात. आता तो रुंद आणि गुळगुळीत झाला आहे. रस्ता सुधारला याचा आनंदच आहे. पण वेगही वाढला, आणि सायकलवाला मात्र होता तिथेच, रस्त्याच्या कडेला राहिला.

अशा फाट्यांवर एक खांब असतो. खांबाच्या डोक्यावर लहानसे सोलर पॅनेल, त्याखाली लुकलुकणारा पिवळा दिवा आणि पत्र्याच्या पेटीत बॅटरी. कुठे त्याच्याबरोबर शाळेची पाटी असते, कुठे चौफुलीची, कुठे सायकलचे चित्र. आपण त्याला ब्लिंकर म्हणतो. हा दिवा बसवला जातो तेव्हा नारळ फुटतो, फोटो निघतो, बातमीही येते. पुढे तो बंद पडतो तेव्हा मात्र कुणालाच काही कळत नाही. आजचे सदर या बंद पडलेल्या दिव्याविषयी आहे.

आरोग्याच्या सदरात रस्त्यावरच्या दिव्याचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. या सदरात आपण गोवर, कावीळ, सर्पदंश, रक्तदाब अशा अनेक विषयांवर बोललो आहोत. पण जागतिक आरोग्य संघटना सांगते की पाच ते एकोणतीस या वयातील मुले व तरुण सर्वांत जास्त संख्येने दगावतात, ते कोणत्या जंतूमुळे नव्हे तर रस्त्यावरील अपघातांत. केंद्र शासनाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली आपल्या देशात १ लाख ६८ हजार ४९१ माणसे रस्त्यावर मेली. त्यांत सायकलस्वारांचे प्रमाण सुमारे तीन टक्के, म्हणजे पावणेपाच हजारांच्या वर होते. मोटारसायकलवाल्यांच्या मानाने हा आकडा लहान वाटतो, म्हणून त्याची चर्चा होत नाही. एखाद्या साथीत वर्षाला इतकी माणसे दगावली असती तर प्रत्येक तालुक्यात पथके फिरली असती. आणि या मृतांत बहुतेक जण घरातले कमावते किंवा शिकते असतात, हे निराळे सांगायला नको.

डोळ्याचे गणित

दिव्याचे महत्त्व समजण्यासाठी आधी वाहन चालवणाऱ्याच्या डोळ्याचे आणि मेंदूचे गणित पाहू. रस्त्यावर काहीतरी आहे हे दिसणे, ते काय आहे हे ओळखणे, काय करायचे ते ठरवणे आणि पाय ब्रेकवर जाणे या सगळ्याला वेळ लागतो. आपल्याकडचे रस्ते आखताना अभियंते यासाठी अडीच सेकंद धरतात. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी अडीच सेकंदांत सुमारे ५५ मीटर पुढे जाते. म्हणजे ब्रेक दाबण्यापूर्वीच क्रिकेटच्या दोन-अडीच खेळपट्ट्या ओलांडून होतात. त्यानंतर गाडी थांबायला लागणारे अंतर वेगळे. दोन्ही मिळून या वेगाला १२० मीटर अंतर लागते, असे इंडियन रोड्स काँग्रेसचे मानक सांगते.

आता दुसरी बाजू पाहा. समोरून वाहन येत असताना खाली केलेल्या हेडलाइटचा उजेड साधारण पन्नास मीटरपर्यंत चांगला पोचतो. थांबायला लागतात १२० मीटर आणि दिसते पन्नास मीटरवरचे. मधल्या सत्तर मीटरची उणीव कोण भरून काढणार? ज्यांनी आपला हेडलाइट खाली केलेला नसतो त्यांच्यामुळे समोरच्याचे डोळे दिपतात, आणि दिपलेले डोळे पुन्हा अंधाराला सरावायला काही सेकंद जातात. वय वाढलेल्या किंवा मोतीबिंदू सुरू झालेल्या चालकाला तर अधिकच वेळ लागतो. या काळात काळी सायकल आणि निळ्या गणवेशातली मुलगी त्याच्या दृष्टीने रस्त्यावर नसतेच.

ही उणीव तो पिवळा दिवा भरून काढतो. त्याला हेडलाइटच्या उजेडाची गरज नसते. तो स्वतः प्रकाशतो, म्हणून कित्येकशे मीटरवरून दिसतो. शिवाय तो लुकलुकतो. आपल्या डोळ्याचा मधला भाग बारकावे पाहण्यात तरबेज असतो, तर कडेचा भाग हालचाल आणि उघडझाप टिपण्यात हुशार असतो. त्यामुळे चालकाचे थेट लक्ष नसले तरी लुकलुकणारा दिवा त्याला जागे करतो. मिनिटाला पन्नास-साठ वेळा होणारी ही उघडझाप फार जलद नाही आणि फार संथही नाही. दिवा पाहून चालकाने पाय नुसता सैल सोडला तरी पुष्कळ काम होते. सरासरी वेग एक टक्का वाढला तर प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने म्हटले आहे. तो कमी झाला तर धोकाही त्याच हिशेबाने उतरतो. दवाखान्यात आम्ही जी औषधे देतो त्यांतली किती औषधे इतक्या स्वस्तात इतका गुण देतात?

दिवा आजारी कसा पडतो

पण हा दिवा म्हणजे दगड नव्हे, की एकदा रोवला आणि विसरून गेलो. तो जवळजवळ सजीवासारखा आहे. दिवसा ऊन खातो, बॅटरीत साठवतो आणि रात्री त्यावर जगतो. त्याला कुपोषणही होते, म्हातारपणही येते.

सर्वांत साधे कारण म्हणजे धूळ. फाल्गुन-चैत्रात पॅनेलवर धुळीचा थर बसतो. त्यावर पक्ष्यांची विष्ठा पडते. शेजारच्या बाभळीची किंवा कडुनिंबाची फांदी वाढून पॅनेलवर सावली धरते. पॅनेलमधल्या चकत्या साखळीसारख्या एकमेकींना जोडलेल्या असतात, त्यामुळे एका कोपऱ्यावरची सावलीही साऱ्या पॅनेलची वीज बरीच घटवते. त्यावर उपाय म्हणजे एक ओला फडका आणि एक कोयता. यात कोणते तंत्रज्ञान आले?

दुसरे कारण बॅटरी. अशा पेट्यांत बहुधा शिशाची बंद बॅटरी असते. ती साधारण तीन-चार वर्षे चालते, पण तीही उन्हाने लवकर म्हातारी होते. एप्रिल-मेमध्ये बंद पत्र्याच्या पेटीत काय तापमान होत असेल याचा विचार करा. शिवाय ही बॅटरी बरेच दिवस अर्धपोटी राहिली की तिच्या पट्ट्यांवर क्षार धरतो आणि ती पुढे पुरेशी वीज साठवूच शकत नाही. म्हणजे पॅनेल वेळेवर न पुसल्याची शिक्षा बॅटरीला होते. बॅटरी चोरीलाही जाते. पेटीचे कुलूप तुटलेले असते, आत मुंग्यांचे वारूळ नाहीतर पालीचे बिऱ्हाड असते. एखादा ट्रॅक्टर वळताना खांबाला धक्का देतो, खांब वाकतो आणि दक्षिणेकडे तोंड करून उन्हाची वाट पाहणारे पॅनेल उत्तरेच्या आभाळाकडे बघत बसते.

या साऱ्या आजारांवर उपचार आहेत, तेही स्वस्त आणि सोपे. मात्र त्यासाठी रुग्णाला आजार झाला आहे हे कुणाला तरी कळायला हवे. घोडे इथेच पेंड खाते.

सकाळी अकराची तपासणी

गेल्या हिवाळ्यात पहाटे फिरायला जाताना मी आमच्या गावाबाहेरच्या फाट्यांवरचे दिवे मुद्दाम पाहू लागलो. त्यांतला एक दिवा मला रोज विझलेला दिसे. मी संबंधित कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी अगत्याने बसवले, चहा मागवला आणि वही दाखवली. "डॉक्टरसाहेब, आमचा माणूस परवाच जाऊन आला. दिवा चालू आहे." वहीत तसे लिहिलेले होते, आणि ते खोटे नव्हते. मी त्याच दिवशी दुपारी जाऊन पाहिले तर दिवा खरोखरच लुकलुकत होता.

त्याचा उलगडा साधा होता. बॅटरी पार थकली होती. दिवसा ऊन असेपर्यंत पॅनेलच्या जोरावर दिवा चाले. संध्याकाळी तास-दोन तास धुगधुगे आणि मग विझून जाई. पाहणी करणारा माणूस कार्यालय उघडल्यावर, म्हणजे सकाळी अकराच्या सुमारास जाई. त्या वेळी दिव्याची गरज सर्वांत कमी आणि तब्येत सर्वांत चांगली. ज्या वेळी पेपरवाला मुलगा तो रस्ता ओलांडतो, त्या वेळी दिवा मेलेला असे.

वैद्यकात आम्हाला हे चांगले ठाऊक आहे. ज्याला रात्री ताप चढतो त्याचा ताप दुपारी मोजून उपयोग नाही. जिला जिना चढताना छातीत दुखते तिची बसलेली नाडी पाहून तिला ठणठणीत ठरवता येत नाही. परीक्षा नेहमी सर्वांत कठीण वेळी घ्यायची असते. अशा दिव्याची सर्वांत कठीण वेळ म्हणजे पहाटेचे पाच, कारण तेव्हा बॅटरीने सगळी रात्र काढलेली असते. तीही कोणत्या दिवसांत? श्रावणातली झड चार-पाच दिवस लागून राहिली की, आणि थंडीत, जेव्हा रात्र मोठी, दिवस लहान आणि धुके दाट असते. उसाचा हंगामही याच दिवसांत असतो, आणि मागे तांबडा दिवा नसलेल्या ट्रॉल्या याच अंधारात चालतात. माझी या लेखातली मुख्य मागणी एवढीच आहे: दिवा तपासायचा तो पहाटे पाचला तपासा. अकराच्या शंभर नोंदींपेक्षा पाचची एक नोंद मोलाची आहे.

बंद दिवा गप्प नसतो

"दिवा नव्हताच तेव्हाही लोक रस्ता ओलांडत होतेच की," असे काही जण म्हणतात. वरवर पाहता हे खरे वाटते. पण दिवा नसणे आणि बसवलेला दिवा बंद असणे या दोन गोष्टी सारख्या नाहीत.

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात समुद्रकिनाऱ्याने जाणाऱ्या १०१ क्रमांकाच्या महामार्गावर आर्च केप नावाचा बोगदा आहे. तो अरुंद आहे आणि त्याच रस्त्याने सायकलवरून लांबचा प्रवास करणारे पुष्कळ लोक जातात. त्यांच्यासाठी बोगद्याच्या तोंडाशी एक बटण ठेवले आहे. सायकलस्वार ते दाबतो आणि आत शिरतो. त्यासरशी पाटीवरचे दिवे लुकलुकू लागतात आणि मागून येणाऱ्या मोटारचालकाला कळते की आत सायकलवाला आहे. सोय चांगली आहे. पण विचार करा, दिवे लुकलुकत असतील तर सायकलवाला आत आहे, असा या पाटीचा अर्थ असेल, तर दिवे लुकलुकत नसताना चालक काय समजेल? बोगदा मोकळा आहे, असेच ना? बटण दाबूनही दिवा लागला नाही, तर ती पाटी मुकी राहत नाही. ती चालकाला चक्क खोटे सांगते.

आपल्या फाट्यावरच्या दिव्याचेही थोडेफार तसेच आहे. जो चालक रोज त्या रस्त्याने जातो त्याला "दिवा दिसला की फाटा आला" अशी सवय लागलेली असते. दिवा दिसला नाही तर फाटा अजून दूर आहे, असे त्याचा मेंदू त्याच्या नकळत धरून चालतो. इकडे मुलीच्या आईला वाटते, आता दिवा बसला, आता काळजी नाही. म्हणून ती मुलीला एकटीला धाडू लागते. म्हणजे दिव्याने दोन्हीकडे विश्वास निर्माण केला आणि नेमक्या वेळी तो पाळला नाही. मुदत संपलेले औषध कपाटात असले की दुकानात जायचे राहून जाते, त्यातलाच हा प्रकार. म्हणून मी म्हणतो, देखभाल करायची नसेल तर बसवण्याचा समारंभ करू नये.

आणखी एक आक्षेप विचार करण्यासारखा आहे. सतत लुकलुकणाऱ्या दिव्याला चालक सरावतात आणि मग त्याच्याकडे पाहत नाहीत, असे म्हणतात. अतिदक्षता विभागात सारखी वाजणारी घंटा काही दिवसांनी परिचारिकेच्या कानाला जाणवेनाशी होते, तसेच हे. आक्षेपात तथ्य आहे. म्हणून काही देशांत गरजेपुरताच उजळणारा फलक वापरतात. एखादे वाहन ठरलेल्या वेगापेक्षा जोरात येत असेल तरच तो फलक पेटतो. ब्रिटनमधील परिवहन संशोधन प्रयोगशाळेने २००२ साली अशा फलकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नॉरफोक परगण्यात जिथे हे फलक लावले तिथे अपघात सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे त्यात दिसले, आणि तीन वर्षांनंतरही चालक त्यांना सरावून बेफिकीर झाल्याचे आढळले नाही. आपल्याकडेही शाळांजवळच्या मोठ्या रस्त्यांवर असे फलक यावेत. पण ज्यांना साधा ब्लिंकर चालू ठेवता येत नाही, त्यांनी वेग मोजणारे यंत्र बसवून काय साधणार? ते यंत्र अधिक नाजूक, म्हणजे त्याची शुश्रूषाही अधिक.

लसीच्या फ्रीजकडून शिकण्यासारखे

देखभाल आपल्या लोकांच्या रक्तातच नाही, असे निराशेने म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते मान्य नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तिथे लसींचा फ्रीज असतो. त्यातले तापमान २ ते ८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहावे लागते. ते दिवसातून दोन वेळा पाहून वहीत लिहायचे असते, मग रविवार असो की दिवाळी. त्या फ्रीजची जबाबदारी कुणाची हे ठरलेले असते. वीज गेली तर लस कुठे हलवायची हेही ठरलेले असते. इतकेच काय, लसीच्या कुपीवर एक लहानसे चिन्ह असते. कुपीला जास्त उष्णता लागली की त्याचा रंग बदलतो. म्हणजे मधल्या कुणाच्या शब्दावर विसंबावे लागत नाही, लस टोचणाऱ्या ताईला शेवटच्या क्षणी स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करून घेता येते. ही शिस्त आपल्याच खेड्यांत, आपल्याच माणसांनी वर्षानुवर्षे पाळली, म्हणून पोलिओ गेला.

ही शिस्त दिव्याला लावायला काय हरकत आहे? माझ्या मते पाच गोष्टी पुरेत.

पहिली, प्रत्येक खांबाला क्रमांक द्यावा आणि तो खांबावर ठळक रंगवावा. "त्या बाभळीजवळचा दिवा" असे म्हटले की तक्रार हरवते. क्रमांक असला की ती हरवत नाही.

दुसरी, खांबावर जबाबदार अधिकाऱ्याचे पद, तक्रारीचा दूरध्वनी क्रमांक आणि बॅटरी बसवल्याचा महिना व वर्ष लिहावे. हे दिव्याचे जन्मपत्रक समजा. बॅटरी बदलायची वेळ झाली की नाही हे मग रस्त्याने जाणाऱ्यालाही कळेल.

तिसरी, महिन्यातून एकदा पॅनेल पुसणे आणि पंधरवड्यातून एकदा पहाटेची पाहणी, या दोन्हींची वही ठेवावी. पावसाळ्यात व हिवाळ्यात पाहणी दर आठवड्याला व्हावी.

चौथी, दिवा खरेदी करतानाच पाच वर्षांच्या देखभालीचा खर्च त्याच मंजुरीत धरावा. आज बसवण्याला निधी मिळतो, पण बॅटरी बदलायला "हेड" सापडत नाही. बाळंतपणाला पैसे आहेत आणि बाळाच्या दुधाला नाहीत, असा हा संसार आहे.

पाचवी, बंद पडलेला दिवा ठरलेल्या दिवसांत दुरुस्त झाला नाही तर तिथे तात्पुरते रिफ्लेक्टर लावलेले बॅरिकेड तरी उभे करावे. फ्रीज बिघडला म्हणून लस कुणी उन्हात ठेवत नाही.

जबाबदारी कुणाची?

इथे टोलवाटोलवी सुरू होते. राष्ट्रीय महामार्गाची यंत्रणा वेगळी. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेकडे. फाटा म्हणजे तर दोन रस्त्यांचा संगम, तेव्हा दोन घरचा पाहुणा उपाशी. त्यातून दिवा एखाद्या लोकप्रतिनिधीच्या निधीतून किंवा एखाद्या मंडळाच्या देणगीतून बसलेला असला तर त्याला वारसच उरत नाही. म्हणून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीने एकदा बसून जिल्ह्यातल्या अशा प्रत्येक दिव्याची यादी करावी आणि प्रत्येकापुढे एकाच कार्यालयाचे नाव लिहावे. मला वाटते, निम्मे काम या यादीनेच होईल.

कायदाही आता या बाबतीत मुका राहिलेला नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली १९८-अ हे कलम घातले गेले. रस्त्याचा आराखडा, बांधकाम किंवा देखभाल यांची ठरवलेली मानके न पाळल्यामुळे कुणाचा मृत्यू झाला किंवा कुणाला अपंगत्व आले, तर संबंधित प्राधिकरण, कंत्राटदार किंवा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. देखभाल हा शब्द त्या कलमात आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. अर्थात दंड हा शवविच्छेदनानंतरचा उपाय झाला. आपल्याला रुग्ण जिवंत असतानाचा उपाय हवा आहे.

पैशाचे रडगाणे नेहमीचेच. पण एक हिशेब करून पाहा. डोक्याला जबर मार लागलेल्या एका रुग्णाच्या शस्त्रक्रियेला आणि अतिदक्षता विभागातल्या आठ-दहा दिवसांना जो खर्च येतो, त्यात कितीतरी खांबांच्या बॅटऱ्या बदलता येतील. अपघातग्रस्तांना दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार पहिले सात दिवस रोख पैसे न भरता मिळावेत, अशी योजना केंद्र शासनाने २०२५ साली लागू केली. ती स्वागतार्ह आहे. पण ज्या तिजोरीतून हे दीड लाख द्यायचे, तिनेच आधी बॅटरीचे पैसे दिले तर तोटा कुणाचा होईल?

"सायकलवाल्यांनीच सांभाळून चालावे," हाही एक उपदेश असतो. सांभाळावेच. पण मानव विकास कार्यक्रमाखाली शासनच आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली देते, कारण शाळा लांब आहे आणि चालत जाण्यात शिक्षण सुटते. ही योजना फार चांगली आहे. तिच्यामुळे किती मुली दहावीच्या पुढे गेल्या हे शाळांना विचारा. मात्र मुलीच्या हाती सायकल देणाऱ्याने तिच्या वाटेवरचा दिवा विझू द्यायचा, याला काय म्हणावे? आणि दिवा चालू असला म्हणजे सारे झाले, असेही माझे म्हणणे नाही. फाट्याच्या अलीकडे रंबलर पट्टे हवेत, साइडपट्टी मुरूम भरून सपाट हवी, झुडपे छाटलेली हवीत. दिवा हा या कुटुंबातला एक सदस्य आहे. पण तोच असा आहे की तो रात्री न सांगता निघून जातो.

वाचकांसाठी

आता आपल्या हातात काय आहे ते पाहू.

सायकलला मागे तांबडा, पुढे पांढरा आणि चाकांच्या ताडींत दोन्ही बाजूंनी दिसणारे रिफ्लेक्टर लावून घ्या. सायकलींवर असे परावर्तक असावेत म्हणून केंद्र शासनाने २०२० साली गुणवत्ता नियंत्रण आदेशही काढला आहे. जुन्या सायकलीला ते नसतील तर सायकलच्या दुकानात अगदी थोड्या पैशांत मिळतात. दप्तराला चकाकणारी पट्टी शिवून घ्या. पहाटे निघणाऱ्याने फिकट रंगाचा सदरा घालावा. मुलांना सांगून ठेवा की दिवा चालू असो वा बंद, फाट्यावर पाय टेकवून दोन्हीकडे पाहायचे आणि मगच ओलांडायचे.

अपघात झालाच तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. जखमीची मान वेडीवाकडी हलवू नका, शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका, वाहते रक्त स्वच्छ कापडाने दाबून धरा. मदत करणाऱ्याला आता कायद्याचे संरक्षण आहे. मोटार वाहन कायद्याच्या १३४-अ कलमानुसार सद्भावनेने मदत करणाऱ्यावर कारवाई होत नाही, आणि स्वतःचे नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. तेव्हा "नसती भानगड" म्हणून पुढे जाऊ नका.

आणि शेवटचे, ज्यासाठी हा सारा प्रपंच मांडला. पहाटे फिरायला जाणारे आपल्यात पुष्कळ जण आहेत. मधुमेह आणि रक्तदाबासाठी आम्ही डॉक्टरांनीच आपल्याला बाहेर काढले आहे. उद्या पहाटे आपल्या वाटेवरचा दिवा पाहा. बंद असेल तर जागा, तारीख आणि वेळ एका कागदावर लिहा. राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३ हा क्रमांक आहे. इतर रस्त्यांसाठी संबंधित कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि आवक क्रमांक घ्या. आठ दिवसांनी पुन्हा पाहा. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते; आवक क्रमांकाला मात्र उत्तर द्यावे लागते. ज्या शाळांत विज्ञान मंडळे आहेत त्यांनी आपल्या फाट्यावरच्या दिव्याची वही ठेवली तर मुलांना बॅटरी आणि सौरऊर्जेचा धडा आपोआप मिळेल.

वर ज्या दिव्याची हकीकत सांगितली त्याची बॅटरी दोन अर्ज आणि एक स्मरणपत्र यांनंतर बदलली गेली. काम करायला आलेल्या मुलाने शिडी लावली, पेटी उघडली, बॅटरी बदलली, पॅनेल पुसले आणि तो अर्ध्या तासात निघून गेला. काम तेवढेच होते. खांबावर तारीख मात्र अजून कुणी लिहिलेली नाही. त्यासाठी तिसरा अर्ज मी दिला आहे.